दोन रंगांचे विणकाम पहिल्यांदा करताना: मानमंदिराच्या बदकांची टोपी

ज्यांना सुलट-उलट टाके येतात, एखादा मफलर किंवा बिनबाह्यांचा स्वेटर ज्यांनी पुरा केला आहे, पण एकाच ओळीत दोन रंग विणायचे म्हटले की ज्यांचा हात अडतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ग्वाल्हेरला डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान पुष्कळदा ५ अंशांखाली जाते, त्यामुळे शहराच्या लष्कर या जुन्या भागातल्या मराठी घरांतून विणकाम अजून टिकून आहे. मात्र ते बहुतेक एकरंगी असते, फार तर काठाला दोन पट्टे. दोन धागे सांभाळणे हे काही फार मोठे कसब नाही, ते चार दिवसांत हाताला बसते. नक्षी फसते ती बहुधा त्याआधीच, म्हणजे दुकानात रंग निवडताना, कागदावर चौकोन भरताना किंवा टाके मोजण्याचा कंटाळा केल्यामुळे. म्हणून पुढच्या पायऱ्यांपैकी निम्म्याअधिक पायऱ्या टोपीचा पहिला टाका घालण्यापूर्वीच्या आहेत, आणि त्या गाळू नयेत अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

१. आधी रीत ठरवावी

रंगीत नक्षी विणण्याच्या तीन रीती सर्रास दिसतात. पहिलीत एका वेळी एकच रंग विणायचा आणि काही टाके न विणता नुसते दुसऱ्या सुईवर सरकवायचे असतात. ही सर्वांत सोपी, पण तिच्यात नक्षीला मर्यादा पडतात. दुसरीत प्रत्येक रंगाच्या ठिकाणी वेगळा छोटा गुंडा लोंबकळत ठेवतात. लहान मुलांच्या स्वेटरवर मध्यभागी मोठा हत्ती किंवा मोटार काढायची असेल तर हीच रीत घ्यावी लागते. तिसऱ्या रीतीत दोन्ही रंग ओळभर बरोबर चालतात आणि ज्या रंगाची पाळी नसते तो धागा पाठीमागून मोकळा जातो. पाठीमागे धाग्यांचा दुसरा थर तयार होत असल्यामुळे असे कापड दुप्पट ऊबदार असते, आणि टोपी, मोजे, हातमोजे यांना ते फार चांगले.

या लेखात तिसरीच रीत घेतली आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांपैकी फेअर आयल या चिमुकल्या बेटाच्या नावाने ती ओळखली जाते. १९२२ मध्ये त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे पुढच्या आठव्या एडवर्डने, असा स्वेटर घालून गोल्फ खेळल्यावर तिचा बराच बोलबाला झाला. त्या स्वेटरांत सात-आठ रंग दिसतात, पण कोणत्याही एका ओळीत दोनच रंग असतात. बाकीचे वैविध्य ओळीगणिक रंग बदलून आणलेले असते. नवशिक्यांनी हा नियम मोडू नये. एका ओळीत तीन रंग घेतले की कापड जाड होते आणि गुंता सोडवण्यातच संध्याकाळ जाते.

२. काय काय लागेल

साहित्य असे:

– गडद निळी लोकर, डबल निट (लेबलवर DK) म्हणजे मध्यम जाडीची, १०० ग्रॅम. एका टोपीला ती पुरून उरते.
– पिवळी लोकर त्याच जाडीची आणि शक्यतो त्याच कंपनीची, २५ ग्रॅम.
– १० नंबरची (३.२५ मिमी) आणि ८ नंबरची (४ मिमी) सर्क्युलर सुई (म्हणजे लवचिक दोरीने जोडलेली दोन टोके, गोल विणण्यासाठी), लांबी ४० सेंमी.
– ८ नंबरच्याच, दोन्ही बाजूंना टोके असलेल्या पाच सुया, टोपीचा माथा मिटवण्यासाठी.
– बोथट टोकाची मोठी शिवणसुई, मोजपट्टी, खुणेसाठी रंगीत धाग्याची कडी.
– चौकोनी रकान्यांची वही, पेन्सिल आणि चांगले खोडरबर.

सुईच्या नंबरात एक मोठा सापळा आहे. आपल्या बाजारातल्या सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे असतात आणि त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन नमुन्यांत नेमके उलट असते: तिथली ८ नंबरची सुई ५ मिमीची, आपली ४ मिमीची. इंटरनेटवरचा नमुना पाहून नुसता नंबर सांगून सुई आणली तर टोपी एखाद्या टोपलीएवढी होऊ शकते. मिलिमीटरचा आकडा पाहूनच सुई घ्यावी.

३. लोकर पारखून घ्यावी

लष्करातल्या महाराज बाडा या चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांतून दिवाळीनंतर लोकरीचे ढीग लागतात. तिथे लोकरीला ‘ऊन’ आणि सुईला ‘सलाई’ असे हिंदीतच विचारावे. या ढिगांतला बराचसा माल लुधियानाचा असतो, आणि त्यात खरी लोकर थोडी, अ‍ॅक्रिलिक किंवा मिश्रण जास्त असते. लेबलवर प्रमाण लिहिलेले असते, ते वाचावे. सुट्या लडीला लेबल नसेल तर बोटभर धागा घरी आणून, मोरीत किंवा स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात धरून जाळून पाहावा. खऱ्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो आणि तिची राख बोटात चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक मणी होतो.

रंगकामाला खरी लोकर किंवा निम्म्याहून अधिक लोकर असलेले मिश्रण उत्तम. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, त्यामुळे शेजारचे टाके एकमेकांना धरून राहतात, आणि धुतल्यावर लहानमोठे टाके बरेचसे सारखे होतात. अ‍ॅक्रिलिक गुळगुळीत असल्यामुळे त्यात हाताची प्रत्येक चूक जशीच्या तशी दिसते. तरीही लोकर अंगाला टोचत असेल किंवा लहान मुलासाठी सारखे धुवावे लागणार असेल, तर अ‍ॅक्रिलिक जरूर घ्यावे. फक्त पहिल्या वस्तूकडून फार सफाईची अपेक्षा ठेवू नये.

एका रंगाचे सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, आहेत ना, हे दुकानातच तपासावे. लॉट बदलला की निळ्याची छटा बदलते, आणि तो फरक दिव्याखाली दिसत नाही, उन्हात दिसतो.

४. रंग निवडताना

नवशिके रंग निवडतात ते आवडीने. नक्षी उठून दिसते ती मात्र गडद आणि फिकट यांच्या फरकाने. लाल आणि हिरवा हे शेजारी ठेवल्यावर डोळ्याला अगदी वेगळे वाटतात, पण दोन्हींचा गडदपणा सारखा असेल तर विणल्यावर चार हातांवरून नक्षी दिसतच नाही, नुसता मातकट गोंधळ दिसतो. यावर उपाय सोपा आहे. दोन्ही गुंडे शेजारी ठेवून मोबाइलने फोटो काढावा आणि तो कृष्णधवल करून पाहावा. दोन राखाडी छटा जवळजवळ सारख्या दिसल्या तर त्यांपैकी एक गुंडा परत ठेवावा.

संक्रांतीसाठी म्हणून पुष्कळ जणी पहिल्याच वेळी काळी लोकर घेतात. काळ्यावर पांढरी नक्षी सुंदर दिसते यात शंका नाही, पण काळे टाके दिव्याच्या उजेडात मोजता येत नाहीत, आणि उसवावे लागले तर डोळे शिणतात. काळा रंग दुसऱ्या वर्षासाठी ठेवावा.

गडद निळा, लाल, किरमिजी असे रंग पाणी सोडतात का, तेही आधीच पाहावे. वीतभर धागा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवला की ते कळते. डाग पडला तर तो रंग फिकट रंगाबरोबर विणू नये.

५. नक्षी कुठून घ्यावी आणि कागदावर कशी उतरवावी

तयार आलेख, म्हणजे रकान्यांत भरलेल्या नक्षी, हजारो मिळतात. पण ज्या गावात आपण राहतो तिथे राजा मानसिंह तोमर याने (कारकीर्द १४८६ ते १५१६) किल्ल्यावर बांधलेले मानमंदिर (नावात मंदिर असले तरी हा राजवाडा) आहे, आणि त्याच्या बाहेरच्या भिंतीवर चकाकीच्या फरशांचे निळे-हिरवे-पिवळे काम आहे. केळीची झाडे, हत्ती, मगरी, आणि निळ्यावर एकामागून एक चाललेली पिवळी बदके. विणणाऱ्याच्या दृष्टीने या बदकांइतकी सोयीची नक्षी शोधून सापडणार नाही. आकृती लहान आहे, तीच ती ओळीने पुन्हा येते, रंग दोनच आहेत आणि त्यांच्या गडद-फिकटपणात भरपूर अंतर आहे. किल्ल्यावर जाल तेव्हा भिंतीसमोर सरळ उभे राहून फोटो काढावा. खालून तिरका काढलेला फोटो आलेखाला उपयोगी पडत नाही.

सूफी संत मुहम्मद घौस यांच्या कबरीच्या दगडी जाळ्याही मोह पाडतात. दरवर्षी डिसेंबरात तानसेन समारोहाला त्या आवारात जाणाऱ्यांपैकी विणणाऱ्यांचे डोळे गाण्याइतकेच जाळीकडे असतात. पण षट्कोनावर रचलेली जाळी चौकोनी रकान्यांत बसवताना कोन मोडतात, तेव्हा नवशिक्यांनी ती नुसती पाहावी. घरातली ठिपक्यांच्या रांगोळीची वही जास्त कामाची आहे. ज्या रांगोळीत ठिपके सरळ उभ्या-आडव्या रांगांत येतात, ती जवळजवळ तशीच आलेखावर उतरते. ज्यात वरच्या ओळीचा ठिपका खालच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध येतो, ती उतरत नाही.

कागदावर काढताना एक गोष्ट विसरू नये: सुलट टाका चौकोनी नसतो, तो उंचीपेक्षा रुंद असतो. डबल निट लोकरीत १० सेंमीत साधारण २२ टाके बसतात, पण ओळी २८ बसतात. म्हणजे २२ टाके आणि २२ ओळींचा ‘चौरस’ विणल्यावर १० सेंमी रुंद आणि जेमतेम ८ सेंमी उंच होतो. दोन रंगांच्या कामात हा फरक थोडा कमी होतो, तरी साध्या चौकोनी वहीत काढलेले बदक विणल्यावर बसकेच दिसते. म्हणून आकृती कागदावर किंचित उंच काढावी, किंवा संगणकावर रकान्यांची रुंदी ५ आणि उंची ४ या प्रमाणात ठेवून काढावी.

पुढे दिलेले बदक ९ टाके रुंद आणि ६ ओळी उंच आहे. आलेख नेहमी खालून वर आणि उजवीकडून डावीकडे वाचतात, गोल विणताना तर प्रत्येक फेरी उजवीकडूनच वाचायची असते. खालची प्रत्येक फेरी शेवटपर्यंत पुन्हापुन्हा करावी.

पहिली फेरी: ३ निळे, ३ पिवळे, ३ निळे.
दुसरी फेरी: २ निळे, ५ पिवळे, २ निळे.
तिसरी फेरी: २ निळे, ६ पिवळे, १ निळा.
चौथी फेरी: २ निळे, १ पिवळा, ४ निळे, १ पिवळा, १ निळा.
पाचवी फेरी: ३ पिवळे, ६ निळे.
सहावी फेरी: १ निळा, २ पिवळे, ६ निळे.

हे आधी वहीत रंगवून पाहावे. पोट, वर वळलेली शेपटी, मान आणि उजवीकडे चोच ओळखू आली की आलेख बरोबर उतरला असे समजावे. स्वतःचा आलेख करताना एकाच रंगाचे पाचांहून अधिक टाके सलग येणार नाहीत असे पाहिले तर काम हलके होते. या बदकात काही ठिकाणी ते सहा-सात येतात, त्याची तजवीज सातव्या पायरीत आहे.

६. नमुन्याचा तुकडा विणावा

ही पायरी सगळे गाळतात. बहुतेकांचे उलट टाके सुलट टाक्यांपेक्षा सैल किंवा घट्ट पडतात, त्यामुळे टोपी गोल विणायची असेल तर नमुनाही गोल विणल्यासारखाच हवा. ८ नंबरच्या सर्क्युलर सुईवर ३६ टाके घालावेत. दोन्ही रंगांनी सुलट ओळ विणून झाली की काम न उलटता सगळे टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवावेत, धागे पाठीमागून सैल आणावेत आणि पुन्हा सुलटच विणावे. बदकांच्या दोन रांगा झाल्या की तुकडा धुऊन, वाळवून मगच मोजावा.

१० सेंमीत २२ टाके आले तर १०८ टाक्यांची टोपी सुमारे ४९ सेंमी घेराची होते आणि ५४ ते ५६ सेंमीच्या डोक्यावर ताणून नीट बसते. २४ किंवा जास्त टाके आले, तर हात घट्ट आहे असे समजून रंगीत पट्ट्यापुरती ७ नंबरची (४.५ मिमी) सुई घ्यावी. दोन रंगांत पुष्कळांचा हात आपोआप आवळतो, आणि मग साध्या विणीच्या मधोमध रंगीत पट्टा कमरपट्टा बांधल्यासारखा आत ओढला जातो.

७. दोन धागे कसे धरावेत

आपल्याकडे बहुतेक जणी उजव्या हाताने धागा टाकून विणतात. दोन्ही रंग उजव्या हातात ठेवून पाळीपाळीने उचलले तरी चालते, फक्त ते सावकाश होते. निळा उजव्या हातात आणि पिवळा डाव्या हाताच्या तर्जनीवर ठेवता आला तर गती दुप्पट होते. डाव्या हाताने विणण्याची सवय नसेल तर आधी एकरंगी दहा-बारा ओळी नुसत्या डाव्या हाताने विणाव्यात. कशाही रीतीने धरा, पण गुंडे दोन बाजूंना ठेवावेत, एक मांडीच्या डावीकडे आणि एक उजवीकडे.

यात एक बारकावा आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. पाठीमागे दोन धाग्यांपैकी एक नेहमी दुसऱ्याच्या खालून जातो, आणि जो खालून जातो त्याचे टाके पुढच्या बाजूला किंचित मोठे आणि ठळक दिसतात. म्हणून नक्षीचा रंग, इथे पिवळा, कायम खालून घ्यावा आणि निळा वरून. डाव्या हातातला धागा आपसूकच खाली राहतो. मध्येच हात बदलला, किंवा चहाला उठून परत बसल्यावर धागे उलटे धरले, तर एकाच पट्ट्यातली काही बदके ठसठशीत आणि काही पुसट दिसतात, आणि कारण काही केल्या सापडत नाही. उठायचे असेल तर बदक पुरे करूनच उठावे.

पाठीमागून जाणारा धागा ओढू नये. रंग बदलताना उजव्या सुईवर नुकतेच विणलेले टाके बोटांनी नीट पसरावेत, आणि मगच नवा रंग घ्यावा. धागा त्या पसरलेल्या टाक्यांच्या रुंदीइतका लांब असला पाहिजे, लोंबकळता नाही आणि ताठही नाही. ज्यांचा हात फारच आवळतो त्यांनी काम आतून बाहेर उलटे करून, पाठ बाहेर ठेवून विणावे. मग धाग्याला बाहेरच्या वळणाने जावे लागते आणि तो आपोआप थोडा जास्त लागतो.

सलग सहा-सात टाके एकाच रंगाचे आले की दुसरा धागा मध्येच एकदा अडकवावा लागतो, नाहीतर टोपी घालताना त्यात बोट किंवा कानातले अडकते. तिसऱ्या किंवा चौथ्या टाक्याशी आल्यावर न विणायचा धागा विणत्या धाग्यावरून आडवा टाकावा, पुढचा टाका विणावा, आणि मग तो परत आपल्या जागी आणावा. पाचव्या आणि सहाव्या फेरीत एकावर एक लांब निळे टप्पे येतात. तिथे अडकवण्याची जागा दर फेरीला एक-दोन टाके पुढेमागे करावी, कारण एकाच उभ्या रेषेत अडकवले तर पुढून पिवळे ठिपके डोकावतात.

८. टोपी

१० नंबरच्या सुईवर निळ्या लोकरीने १०८ टाके घालावेत. गोल जोडण्यापूर्वी सगळ्या टाक्यांची खालची कड सुईच्या आतल्या बाजूला आहे याची खात्री करावी. एकदा पिळा पडून जोडले गेले की उसवण्याशिवाय इलाज नसतो. जोडाच्या जागी खुणेची कडी घालावी आणि २ सुलट, २ उलट असे ५ सेंमी विणावे.

८ नंबरची सुई घेऊन ३ फेऱ्या साध्या सुलट, मग बदकांच्या ६ फेऱ्या (एकूण १२ बदके होतात), पुन्हा ३ साध्या. त्यावर हवी तर १ निळा, १ पिवळा अशी एकच फेरी घालावी, ती भिंतीवरच्या आडव्या पट्टीसारखी दिसते. नंतर पिवळा धागा तोडून टाकावा आणि कडेपासून उंची १५ सेंमी होईपर्यंत निळ्याने विणावे. रंगाच्या फेऱ्या दिवसा उजेडी, गच्चीवरच्या उन्हात कराव्यात, आणि या साध्या फेऱ्या गाणे ऐकताना किंवा पाहुण्यांशी बोलताना कराव्यात.

माथ्यासाठी १० सुलट, दोनाचा एक (दोन टाके एकत्र विणून), असे फेरीभर ९ वेळा करावे. टाके ९९ होतात. पुढची फेरी साधी. मग ९ सुलट, दोनाचा एक, त्यानंतर पुन्हा साधी, असे दर वेळी एक सुलट टाका कमी करत जावे. सुई लांब पडू लागली की टाके दोन्ही बाजूंना टोके असलेल्या सुयांवर घ्यावेत. टाके ५४ उरले की मधली साधी फेरी सोडून दर फेरीला कमी करावे. शेवटी ९ टाके राहतात, त्यांतून शिवणसुईने धागा दोनदा ओवून घट्ट आवळावा.

फेरीच्या सुरुवातीला नक्षी एका ओळीने वरखाली सरकलेली दिसेल. गोल विणीत ते होतेच. तो जोड टोपीच्या मागच्या बाजूला ठेवावा.

९. चूक सापडली तर

एखाददुसरा टाका चुकीच्या रंगाचा आला असेल तर उसवू नये. काम पुरे झाल्यावर त्या टाक्यावरून योग्य रंगाचा धागा शिवणसुईने टाक्याच्याच वळणाने फिरवावा, म्हणजे चूक झाकली जाते. सगळी रांगच एका टाक्याने सरकली असेल तर मात्र उसवावेच लागते. हे टाळायला प्रत्येक ९ टाक्यांनंतर खुणेची कडी घालावी, पहिल्या टोपीला तरी. कड्या मिळाल्या नाहीत तर वेगळ्या रंगाच्या धाग्याचे फासे चालतात.

पाठीमागचा धागा आवळल्यामुळे पट्टा गोळा झाला असेल, तर तो धुऊन सुटेल या आशेवर राहू नये. थोडीशी सुरकुती जाते, आवळलेला धागा सैल होत नाही.

१०. धुणे आणि ठेवणे

सुईवरून उतरलेली टोपी पहिल्या दिवशी खडबडीतच दिसते, त्यामुळे निराश होऊ नये. खरी लोकर असेल तर कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून त्यात १५-२० मिनिटे न चोळता भिजवावी. पाणी गरम नको आणि घासणे नको, त्याने लोकर आटून नमद्यासारखी होते. पिळण्याऐवजी टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावी. मग डोक्याच्या मापाच्या पातेल्यावर उलटी घालून सावलीत वाळवावी, पण खालची पट्टी त्यावर ताणू नये, ती सैल पडते. अ‍ॅक्रिलिकवर नुसत्या पाण्याचा परिणाम होत नाही. त्याला वाफ लागते, आणि ती इस्त्री दोन बोटे वर धरूनच द्यावी. इस्त्री टेकली की धागा वितळून कापड कायमचे लुळे पडते.

कसर खऱ्या लोकरीलाच लागते. होळीनंतर कपडे ठेवताना धुऊन, पूर्ण वाळवून, जुन्या सुती साडीत बांधून ठेवावेत, कारण घामाचा आणि तेलाचा अंश राहिलेल्या जागी कीड आधी लागते. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या तर पुरचुंडीत, लोकरीला न चिकटतील अशा. पाऊस संपला की सगळे एकदा उन्हात टाकावे. उरलेली पिवळी लोकर, दोन्ही लेबले आणि आलेखाचा कागद एकाच पिशवीत ठेवावा. हातमोज्यांची जोडी करायला घ्याल तेव्हा लॉट नंबर आणि सुईचा नंबर पुन्हा शोधावा लागणार नाही.